फितीवालीच्या मुलाची पारख

फिलाग्रोसचं नाव सोडतीत निघालं त्या दिवशी आमच्या घरातला आनंद जेमतेम रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला.

बाजार-तपासनीस. अख्ख्या अथेन्समध्ये वर्षाला दहाजण, पाच बंदरावर आणि पाच शहरात, आणि त्या शहरातल्या पाचांत माझा नवरा. दिवे घडवणारा माणूस, ज्याच्या नखांतली माती सणालाही निघत नाही. त्या दिवशी मी विहिरीवर गरज नसताना दोन खेपा जास्त केल्या. पाणी आणलं ते सांडून टाकायची वेळ आली, पण आमच्या वस्तीतल्या बहुतेक बायकांना बातमी कळली.

जेवायला माझा धाकटा भाऊ देमोक्लेस होता. तो असतोच. दिवसभर तो वेशीबाहेरच्या व्यायामशाळेत, ओवरीतून येरझारा घालत बोलणाऱ्या पंडितांच्या मागे फिरतो, आणि सद्गुण म्हणजे काय याचा विचार करून भूक लागली की आमच्याकडे येतो. त्यानंच सांगितलं, की नाव निघालं म्हणजे काम मिळालं असं नाही. अजून पारख व्हायची आहे. पाचशे पंचांसमोर उभं राहायचं, ते विचारतील त्याची उत्तरं द्यायची, दोन साक्षीदार आणायचे, आणि मग ते विचारणार, या माणसाविरुद्ध कोणाला काही बोलायचं आहे का.

"आपण आत्ताच तालीम करू," देमोक्लेस म्हणाला आणि पंचासारखा ताठ बसला.

बापाचं नाव, आजोबाचं नाव, वस्ती. ते झालं. आईचं नाव, तिच्या बापाचं नाव. तेही झालं. अंगणातल्या झ्यूसची वेदी कुठे आहे? ही काय, कोंबडी बसली आहे तिथे. वाडवडिलांच्या समाध्या? वेशीबाहेर, कुंभारवाड्याच्या रस्त्याला. लढाईवर गेला होतास का? दोनदा गेलो, फिलाग्रोस म्हणाला, पण दुसऱ्या वेळी पोचेपर्यंत तह झाला होता.

"आईवडिलांना नीट सांभाळतोस का?"

यावर आम्ही तिघांनीही एकदमच दाराकडे पाहिलं. फिलाग्रोसची आई अजून बाजारातून आली नव्हती.

माझी सासू, लिसिल्ला, फिती विकते. वय सत्तरच्या पुढे, किती पुढे ते तिलाही नक्की सांगता येत नाही. तरुणपणी तिचा नवरा आरमारात वल्ही मारायला गेला आणि दोन वर्षं त्याचा पत्ता नव्हता. घरात लहान पोर, थोडी लोकर आणि कमरेला बांधायचा एक छोटा माग. तिनं फिती विणल्या आणि बाजारचौकात जाऊन बसली. दोन वर्षांनी नवरा परत आला, दोन बोटं कमी घेऊन. त्यानं सांगितलं, आता बाजार बंद, मी आलोय. तिनं त्याला सांगितलं, तू तुझी वल्ही मार, मी माझ्या फिती विणते. तो मेल्यालाही आता अकरा वर्षं झाली. ती आपली लसूणवाली आणि चाळणीवाला यांच्यामध्ये, त्या मोठ्या झाडाखाली, तिवई टाकून बसलेलीच आहे.

आमच्याकडे फितीशिवाय काही होत नाही. मुलगी जन्मली की दारावर लोकर, लग्नात नवरीच्या केसांत फीत, शर्यत जिंकली तर दंडाला फीत, मेल्यावर समाधीच्या दगडाला फीत. त्यामुळे शहरात कोणाकडे काय चाललं आहे हे माझ्या सासूला पुजाऱ्यांच्या आधी कळायचं. गिऱ्हाईक आलं की तिचा पहिला प्रश्न, कोणासाठी? त्याचं उत्तर मिळेपर्यंत ती टोपलीवरचं फडकं काढत नसे. समाधीसाठी म्हटलं की मेलेल्याचं वय विचारायची. म्हाताऱ्या माणसाला रुंद, तांबडी. लहानग्याला पांढरी आणि अरुंद, कारण लहान दगडाला रुंद फीत बांधली की दगडच दिसत नाही, आणि आई तो दगड बघायला आलेली असते. मेजवानीतल्या बासरीवालीसाठी फीत घ्यायला आलेल्या पुरुषाला ती विचारायची, बायकोला शेवटची कधी घेतली होतीस? असे पुरुष नंतर त्या झाडाला वळसा घालून जाऊ लागले. एकदा शर्यत जिंकलेल्या पोराचा बाप छाती फुगवून आला, तर त्याला म्हणाली, धावला मुलगा, तू कशाला धापा टाकतोस?

हे ऐकून कोणाला ती मोठी गोड म्हातारी वाटेल. माझ्यासारखं तिच्याबरोबर राहून बघावं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं माझ्या मागावरचं कापड शेजारणीला दाखवून सांगितलं होतं, सुनेनं मासे धरायचं जाळं विणायला घेतलंय. माझ्या मसुरीच्या आमटीला तिनं चौदा वर्षांत एकदाही बरी म्हटलेलं नाही. कोठाराची किल्ली ती अजून गळ्यात घालून झोपते.

आणि मला तिची लाज वाटायची, हेही सांगून टाकते. बाजारात बसणारी सासू. कायद्यानं कोणी तसं तोंडावर बोलू शकत नाही, प्रामाणिक धंद्यावरून टोमणा मारणं हा गुन्हा आहे. पण विहिरीवर कायदा चालत नाही. तिथे बायका नुसतं विचारतात, "सासूबाई अजून जातात का गं?" आणि त्या 'अजून'मध्ये सगळं येतं.

आता भीती होती ती केफालिओनची. पहिल्याला पंचांनी नाकारलं तर त्याच्या जागी घ्यायला सोडतीतच दुसरा माणूस काढून ठेवतात. फिलाग्रोसच्या मागे केफालिओनचं नाव निघालं होतं. कातड्याचा व्यापारी, तसा सरळ माणूस, पण तपासनीस व्हायची हौस मोठी. दुसऱ्याच दिवसापासून तो रोज लसूणवालीकडे दिसू लागला. लसूण निवडता निवडता शेजारच्या तिवईकडे बघायचा. एका घराला एवढा लसूण लागत नाही.

फिलाग्रोसनं तीन दिवस शब्द जुळवले आणि मग आईला म्हणाला, "पारख होईपर्यंत घरी बस. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मी मेलेच तर जास्त सोयीचं," ती म्हणाली. "समाधी दाखवता येईल. एका प्रश्नाचं उत्तर कमी."

"आई, ते विचारणार, सांभाळतोस का म्हणून."

"मग सांग, ती मला सांभाळते म्हणून."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तिवई दारामागे ठेवली, टोपली आढ्याला टांगली आणि घरी बसली. मुलाचं काम आपल्या पायी जायला नको, एवढं ती जाणून होती. मला मनातून फार बरं वाटलं. आता आमचं घर चारचौघांसारखं दिसणार होतं.

पहिल्या दिवशी तिनं तेलाच्या आणि ऑलिव्हच्या बरण्यांच्या जागा बदलल्या. मला संध्याकाळपर्यंत एक बरणी सापडली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या मागावरचं तीन वीत कापड उसवून तिनं पुन्हा विणलं. तिसऱ्या दिवशी कोंबडीला शिस्त लावली. मी दात खाऊन दिवस मोजत राहिले. चौथ्या दिवशी ती अंगणात वेदीजवळ उन्हाला बसली आणि फारशी उठली नाही. पाचव्या दिवशी शेजारणी बघायला आल्या. सासूबाई कशा शांत बसल्यात, पाठीला उशी, अंगावर धुतलेलं पांघरूण. किती छान सांभाळतेस गं मिका, म्हणाल्या. मला ते आवडलं. मी त्यांना अंजिरं दिली.

सहाव्या दिवशी मी आमटीत मीठ जरा जास्त टाकलं. मुद्दाम टाकलं. तिनं वाडगं उचललं, सगळी आमटी प्यायली, वाडगं खाली ठेवलं आणि भिंतीकडे बघत बसली.

तेव्हा मला भीती वाटली.

त्या संध्याकाळी फिलाग्रोसनं देमोक्लेसला विचारलं, की पंच 'नीट' म्हणतात त्याचा अर्थ काय. एवढे दिवस ऐकतोस, काहीतरी सांग. देमोक्लेसला हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून तो किती वर्षं थांबला होता कोण जाणे. हातातली भाकरी खाली ठेवून त्यानं सुरुवात केली. प्रत्येक गोष्टीला तिचं असं एक काम असतं. चाकूचं काम कापणं, डोळ्याचं पाहणं. जो चाकू नीट कापतो तो चांगला चाकू. माणसाचंही तसंच, आपलं काम चांगल्या रीतीनं करत राहणं हेच त्याचं चांगलं जगणं. सुख म्हणजे आरामात पडून राहणं नव्हे. झोपलेल्या माणसाला कोणी सुखी म्हणत नाही. आणि हे एका दिवसाचं नाही, सवयीचं आहे, जन्मभर करायचं आहे.

"मग सासूचं काम काय?" मी विचारलं.

"ते अजून भाषणात आलेलं नाही, ताई."

"आणि तुझं?"

"मी मध्यममार्ग शोधतोय. फार नाही, कमी नाही."

"तो स्वयंपाकघरातून जात नाही," मी म्हटलं आणि भाकरीची टोपली उचलली.

फिलाग्रोस हसला, पण अर्ध्यातच थांबला. अंगणात आई बसली होती, दिवा लावलेला नव्हता, आणि तिनं लाव म्हणून कोणाला सांगितलंही नव्हतं. तो तिकडे बघत होता. मग म्हणाला, बरणी ठेवावी तशी ठेवलीय आपण तिला. देमोक्लेस पुढे बोलणार होता, पण मी त्याला भाकरी परत दिली.

आठव्या दिवशी सकाळी मी सातूचं पीठ मळत होते. पारखेला दोन दिवस राहिले होते. फिलाग्रोस कामाला निघाला असं वाटलं, तर तो दारामागे वाकला आणि तिवई बाहेर काढून तिच्यावरची धूळ पुसायला लागला. मला लगेच समजलं. मी जे बोलले ते आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं.

"दोनच दिवस राहिलेत. दोन दिवसांत काय मरणार आहेत का त्या?"

तो धूळ पुसत राहिला. "पंच विचारणार, आईला नीट सांभाळतोस का. मी हो म्हणणार. त्या वेळी ते खरं पाहिजे, मिका."

"अहो, खरं कोण बघतंय? ती तिवई दिसेल सगळ्यांना."

"दिसू दे."

आई आतून आली. मुलाच्या हातात तिवई बघून तिला काय वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं नाही. एवढंच म्हणाली, "ठेव ती. तुझं काम जाईल."

"ते पंच ठरवतील. तू चल."

"कोणी सांगितलं? त्या रिकामटेकड्यानं?"

"त्यानं चाकूचं सांगितलं. तुझं मला दिसलं."

तिनं आढ्याची टोपली मला काढायला लावली, फडक्यावर पाल फिरली असणार म्हणून ते झटकायला लावलं, आणि मुलाला म्हणाली, "नीट धर. तिचा एक पाय डगडगतो. आणि असा मढ्यासारखा चालू नकोस, उशीर झालाय."

निदान मागच्या बोळातून तरी जा, असं मी म्हटलं. तो मोठ्या रस्त्यानं गेला, तिवई डोक्यावर घेऊन, आणि मागून आई, टोपली कमरेवर. मी दारात उभी राहून कोण कोण बघतंय ते मोजलं. कुंभाराची बायको. दोन गवंडी. तेलवाला. आणि पुढे बाजारात केफालिओन असणारच होता. होताच. लसणाची गड्डी हातात तशीच राहिली त्याच्या, असं नंतर कळलं.

पारखेच्या दिवशी बायकांनी तिथे जायचं नसतं. मी घरी, सासू बाजारात. त्या दिवशी तरी जाऊ नका, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी सकाळपासून लोकर पिंजत होते आणि ती लोकर पुढे कशाच्याच कामाची राहिली नाही. दुपार कलायच्या आत देमोक्लेस पळत आला. त्याला दम लागला होता तरी तो मधलंच सांगायला लागला. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि पहिल्यापासून सांग म्हटलं.

वेदी, समाध्या, लढाई, सगळं सुरळीत पार पडलं. मग विचारलं, या माणसाविरुद्ध कोणाला बोलायचं आहे? केफालिओन उठला. तो खोटं काहीच बोलला नाही. म्हणाला, या माणसाची आई सत्तरीची आहे. ती उन्हात बसून फिती विकते. काही दिवस ती दिसली नाही तेव्हा मला वाटलं, मुलाला लाज वाटली असेल, बरं झालं. पण परवा सकाळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, हाच तिची तिवई डोक्यावर घेऊन आला आणि यानंच तिला धंद्याला बसवलं. जो स्वतःच्या आईला असं वागवतो, त्याच्या हाती बाजार द्यायचा का?

पंचांत कुजबुज झाली. चांगली कुजबुज नव्हती, देमोक्लेस म्हणाला. दाजींचा चेहरा मातीसारखा झाला होता. त्यांना उत्तर द्यायला सांगितलं. आणि दाजी जे बोलले ते देमोक्लेसनं मला शब्द न शब्द सांगितलं. पंडितांची भाषणं त्याला अशी कधी पाठ झाली नव्हती.

"केफालिओन म्हणतो ते खरं आहे. तिवई मीच नेली. त्याआधी सात दिवस मी आईला घरी बसवलं होतं, तुम्ही मला चांगला मुलगा म्हणावं म्हणून. तिला दोन्ही वेळा जेवण होतं, पाठीला उशी होती, शेजारीपाजारी आमचं कौतुक करत होते. आणि त्या सात दिवसांत ती बोलायची बंद झाली. माझी आई. तुमच्यातले काहीजण तिला ओळखतात. म्हणून परवा मी तिला तिच्या जागी नेऊन बसवलं. दुपारपर्यंत तिनं चारजणांना झापलं होतं. मला सांभाळणं जमतं ते एवढंच. ते नीट आहे का, ते तुम्ही ठरवा."

मागच्या बाकावरून एक म्हातारा म्हणाला, की त्या चारांतला एक मी. बायकोच्या समाधीसाठी स्वस्तातली फीत मागितली होती. तिनं बोलून घेतलं ते बरोबर होतं. यावर हशा पिकला. देमोक्लेस म्हणाला, हशा पिकल्यावर दाजी सुटलेच असं त्याला वाटलं होतं, पण मतांच्या चकत्या मोजल्या तेव्हा दाजींच्या बाजूनं फरक निघाला अवघा सव्वीस. पाचशेत सव्वीस. हसणारे सगळे आपल्या बाजूचे नसतात, हे मात्र भाषणात सांगायला पाहिजे, तो म्हणाला.

आणि केफालिओन? तो येऊन दाजींचा हात धरून गेला. म्हणाला, मी पाहिलं तेच सांगितलं, राग नको. दाजी म्हणाले, राग नाही, पण लसूण कमी कर.

मी भाकरी, कांदा आणि थोडी खारी मासळी फडक्यात बांधली आणि निघाले. एरवी मी त्या वेळी बाजारात जात नाही, गेलेच तर झाडाच्या पलीकडून जाते. त्या दिवशी सरळ गेले. सासू एका खलाशाला फीत मोजून देत होती, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, वर दोन बोटं सैल. तो गेल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, "झालं. घेतलं त्यांना."

"बस," ती म्हणाली. "नव्या लोकरीवर नको, इकडे."

मी जमिनीवर बसले, पाठ झाडाला लावून. लसूणवालीनं मान वळवून मला नीट पाहून घेतलं. मी पदर पुढे ओढला नाही.

"काय म्हणाला तो?"

मी सगळं सांगितलं, देमोक्लेसनं सांगितलं तसं. सात दिवसांचं सांगताना मी जरा भरभर बोलले. ती भाकरी चावत ऐकत होती. उशीचं ऐकून तिनं नाक मुरडलं. चारजणांना झापलं, इथपर्यंत आले तेव्हा तिचा घास थांबला.

"चार?"

"हो. चार म्हणाले."

"सहा होते." तिनं बोटं काढली. "तो बायकोच्या समाधीवाला. दोन खलाशी, ते वेगळे धरायचे. ही लसूणवाली. तो पुजारी. आणि तो केफालिओन, उगाच गड्डी दाबून दाबून मऊ करत होता तिची. सहा झाले. पुजाऱ्याला दोनदा, पण तो एकच धरू."

"असतील की आई. घाबरले असतील, पाचशे माणसं समोर."

"घाबरला म्हणून माप कमी सांगायचं?" ती म्हणाली. "आणि हा बाजार तपासणार."

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं त्याला पहिलं तेच ऐकवलं, दारातच, त्याचे पाय धुऊन व्हायच्या आत. तो हात जोडून सहा म्हणाला तेव्हा कुठे आत येऊ दिलं. शाबासकी दिली ती दुसऱ्या दिवशी, तीही मला, त्याला सांग म्हणून.